कौल लागल्यानंतरचा विरोध

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये झालेल्या सार्वमतात १ कोटी ७४ लाख मतदारांनी युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याच्या बाजूने, तर १ कोटी ६१ लाख मतदारांनी महासंघात राहण्याच्या बाजूने मत दिले. टक्केवारीत हा निकाल ५१.९ विरुद्ध ४८.१ असा होता. मतदान ७२.२ टक्के झाले. १९९२ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर देशभरातल्या कोणत्याही मतदानाला लोक एवढ्या संख्येने बाहेर पडले नव्हते. त्यानंतर नवव्या दिवशी, २ जुलैला, लंडनमध्ये या निकालाविरुद्ध हजारोंचा मोर्चा निघाला. तिथपासून ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन महासंघातून बाहेर पडेपर्यंत साडेतीन वर्षे हा देश एकाच प्रश्नावर भांडत राहिला. बहुमताने निर्णय झाल्यावरही त्याला विरोध करत राहणे हा नागरिकाचा हक्क आहे, की तो लोकशाहीचाच अवमान आहे?

अवमान मानणाऱ्यांची बाजू सहज झटकून टाकण्यासारखी नव्हती. लिंकनशरमधल्या बॉस्टनमध्ये ७५.६ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. संडरलंड आणि स्टोकसारख्या जुन्या औद्योगिक शहरांचा कौलही स्पष्ट होता. २०१५ च्या निवडणुकीपेक्षा या सार्वमतात २५ लाखांहून अधिक मते जास्त पडली. म्हणजे एरवी मतदानाकडे पाठ फिरवणारे कित्येक जण या वेळी केंद्रावर गेले. आपल्या मताने काही बदलत नाही असे वर्षानुवर्षे मानत आलेल्या माणसाच्या मताने एकदाचे काही बदलले आणि लगेच त्याला ऐकवले जाऊ लागले की तुला विषय कळलाच नव्हता, तू थापांना भुललास, पुन्हा मत दे. त्याच्या संतापात न्याय्य असे पुष्कळ होते. दुसऱ्या बाजूला हरलेल्यांचे जे जाणार होते ते एखाद्या करसवलतीइतके किरकोळ नव्हते. आणखी २७ देशांत जाऊन राहण्याचा, शिकण्याचा, नोकरी करण्याचा त्यांचा हक्क संपणार होता, आणि तो बहुधा त्यांच्या हयातीत परत मिळणार नव्हता.

दोन्ही बाजू तावातावाने बोलत राहिल्या आणि मूळ मुद्दा निसटत राहिला. लोकशाहीतला निर्णय नेमका कोणाला बांधतो? तो सरकारला बांधतो. जे ठरले ते अमलात आणण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. नागरिकाच्या वागण्यालाही तो बांधतो. निर्णयातून झालेला कायदा आवडला नाही तरी पाळावा लागतो. पण नागरिकाच्या मताला तो बांधत नाही. हरलेल्याने आपण हरलो हे मान्य करावे एवढेच त्याच्याकडून मागता येते. आपण चुकलो हेही कबूल करावे असे मागता येत नाही. बहुमताने ठरलेली गोष्ट बहुमताने ठरली म्हणून अधिकृत होते, बरोबर होत नाही.

संसदीय निवडणुकीत हा भेद इतका मुरलेला आहे की त्याची जाणीवही होत नाही. ब्रिटनमध्ये १९३७ पासून विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो. निवडणूक हरलेल्या पक्षाने जिंकलेल्यांना रोज अडचणीचे प्रश्न विचारावेत म्हणून राज्य त्याला पैसे देते, आणि त्यात कोणाला लोकेच्छेचा अपमान दिसत नाही. ही व्यवस्था टिकते ती एका साध्या खात्रीवर. आज हरलेल्याला पुढची संधी कधी मिळणार हे त्याला ठाऊक असते. फार तर पाच वर्षे. पराभव सोसण्याची तयारी या ठरलेल्या मुदतीतून येते. सार्वमतात ती मुदत नसते. तिथे हरलेल्यांसाठी सभागृहात बाक नसतात, त्यांचा नेता नसतो आणि पुढची तारीखही नसते. ब्रेक्झिटचा वाद एवढा का चिघळला याचे उत्तर दोन्हीकडच्या स्वभावदोषांत शोधण्यापेक्षा या रिकाम्या जागेत शोधायला हवे.

सार्वमत ही ब्रिटनची जुनी परंपरा नाही. १९४५ मध्ये युद्धकालीन संसदेची मुदत सार्वमताने वाढवावी अशी सूचना विन्स्टन चर्चिल यांनी केली तेव्हा मजूर पक्षाचे नेते क्लेमंट ॲटली यांनी ती साफ नाकारली होती. देशभराचे पहिले सार्वमत ५ जून १९७५ रोजी झाले, आणि तेही युरोपवरच. ब्रिटन १ जानेवारी १९७३ ला युरोपीय समुदायात गेला होता. तिथे राहावे असे ६७.२ टक्के मतदारांनी सांगितले. २०१६ च्या निकालापेक्षा तो कितीतरी निर्णायक होता. तरीही हरलेले गप्प बसले नाहीत. आठच वर्षांनी, १९८३ च्या निवडणुकीत, मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात युरोपीय समुदायातून बाहेर पडण्याचे आश्वासन होते. पुढे ही मोहीम हुजूर पक्षातल्या बंडखोरांनी आणि १९९३ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड किंगडम इंडिपेंडन्स पार्टीने चालवली. ४१ वर्षांच्या चिकाटीनंतर तिला यश आले. मे २०१६ मध्ये याच पार्टीचे नेते नायजेल फराज यांनीच एका मुलाखतीत सांगून ठेवले होते की राहणाऱ्यांचा विजय ५२ विरुद्ध ४८ असा निसटता झाला तर विषय संपला असे मानता येणार नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते. जे एका बाजूला लागू होते ते आकडे उलटे पडल्यावर दुसऱ्या बाजूलाही लागू व्हायला हवे होते.

यावर बाहेर पडणाऱ्यांचे एक उत्तर मात्र वजनदार होते. १९७५ चा निर्णय आधी अमलात आला, मग त्याला विरोध झाला. २०१६ च्या निर्णयाला तो अमलात येण्याआधीच रोखले जात आहे, असे ते म्हणत. जिंकलेल्याला त्याचा विजय एकदाही उपभोगू दिला नाही तर मतदानाला अर्थ उरत नाही, हे खरेच आहे. पण १९७५ मध्ये अमलात आणण्यासारखे नवे काही नव्हते. देश होता तिथेच राहणार होता. २०१६ मध्ये काय अमलात आणायचे हेच ठरलेले नव्हते.

मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते, राहावे की बाहेर पडावे. बाहेर पडून कुठे जावे याबद्दल त्यावर अक्षर नव्हते. नॉर्वेप्रमाणे महासंघाबाहेर राहून एकल बाजारपेठेत सामील होता आले असते. तुर्कस्तानाप्रमाणे सीमाशुल्क संघ स्वीकारता आला असता. कॅनडाप्रमाणे केवळ व्यापारकरार करता आला असता, किंवा कोणताही करार न करता नाते तोडता आले असते. यांतल्या प्रत्येक वाटेवर कारखान्यांचे, शेतकऱ्यांचे, मच्छीमारांचे आणि विशेषतः उत्तर आयर्लंडच्या सीमेचे भवितव्य वेगळे होते. १ कोटी ७४ लाख लोकांचे बाहेर पडण्यावर एकमत होते. कसे पडायचे यावर नव्हते. ‘ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट’ हे सार्वमतानंतर पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांचे वाक्य ठाम वाटत असे, पण त्यातून हा गुंता सुटत नव्हता. म्हणून निकालानंतरच्या विरोधाचा मोठा भाग निकालाविरुद्ध नव्हताच. निकालाचा अर्थ लावण्याचा एकाधिकार सरकारने स्वतःकडे घेतला होता आणि विरोध त्याला होता.

कायद्यातही अशीच संदिग्धता राहून गेली होती. २०११ मध्ये मतदानपद्धती बदलण्यावर सार्वमत झाले तेव्हा निकाल होकारार्थी आल्यास मंत्र्यांनी तो अमलात आणलाच पाहिजे असे त्याच्या कायद्यात लिहिले होते. २०१५ च्या युरोपविषयक सार्वमत कायद्यात असे कलम नव्हते. कायद्याच्या दृष्टीने हे मतदान संसदेला दिलेला सल्ला होते. दुसरीकडे डेव्हिड कॅमरन यांच्या सरकारने ९३ लाख पौंड खर्चून घरोघरी जी पुस्तिका पाठवली तिच्यात, तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणेल असे स्पष्ट वचन होते. कायदा सल्ला म्हणत होता आणि सरकार शब्द देत होते. पुढे एका बाजूने कायद्याचा हवाला दिला, दुसरीने शब्दाचा. सार्वमताच्या घटनात्मक गुंत्यांकडे आधी लक्ष न देणे हा कॅमरन यांचा सर्वांत मोठा दोष मानावा लागेल. प्रचार हरण्यापेक्षाही मोठा. स्कॉटलंडला स्वतःचे विधिमंडळ देण्यावरच्या १९७९ च्या सार्वमतात एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांच्या होकाराची अट होती आणि ५१.६ टक्के होकार मिळूनही ती पुरी न झाल्याने विधिमंडळाचा बेत बारगळला. ती अट चांगली की वाईट यावर वाद होऊ शकतो, पण ती मतदानाआधी ठरलेली होती. २०१६ मध्ये आधी ठरलेले असे काही नव्हते.

मत कोणाला देता आले आणि कोणाला नाही, हाही प्रश्न होता. १६ आणि १७ वर्षांच्या तरुणांना २०१४ च्या स्कॉटिश स्वातंत्र्याच्या सार्वमतात मत होते, इथे नव्हते. पंधरा वर्षांहून अधिक काळ परदेशात राहिलेल्या ब्रिटिश नागरिकांना नव्हते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मात्र होते. म्हणजे पुण्याहून किंवा नागपूरहून जाऊन तिथे राहणारा, भारतीय पासपोर्ट असलेला रहिवासी या सार्वमतात मत देऊ शकत होता. त्याच वेळी मडगाव किंवा म्हापशाहून जाऊन स्विंडनमध्ये स्थायिक झालेला गोंयकार मत देऊ शकत नव्हता. गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, आणि त्या पासपोर्टवर हजारो गोंयकार ब्रिटनमध्ये कामाला गेले होते. त्यांचा तिथे राहण्याचा हक्क महासंघाच्या सदस्यत्वावर उभा होता. ज्यांच्या डोक्यावरचे छप्पर या निर्णयावर टांगलेले होते अशा महासंघातील देशांच्या लाखो नागरिकांना त्यात आवाज नव्हता. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस एवढेच अपवाद. मत नसलेल्याकडे मोर्चाखेरीज काय उरते?

रस्त्यावरचा विरोध मोठा होता आणि त्याला शिस्त होती. ब्रिटिश संसदेच्या याचिका-स्थळावर दुसऱ्या सार्वमताची मागणी करणाऱ्या याचिकेवर २०१६ मध्ये ४० लाखांहून अधिक सह्या झाल्या. ती याचिका निकालाआधीच, आपली बाजू हरेल या भीतीने, बाहेर पडण्याच्या एका समर्थकाने दाखल केली होती ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. २० ऑक्टोबर २०१८ आणि २३ मार्च २०१९ या दिवशी लंडनमध्ये निघालेल्या मोर्चांत लाखो लोक सामील झाले. दुसऱ्या मोर्चाला दहा लाख लोक होते असे संयोजकांचे म्हणणे. स्वतंत्र अंदाज त्याच्या निम्म्याहूनही कमी होते, पण तेही तीन लाखांच्या वरच. त्याच महिन्यात बाहेर पडण्याची प्रक्रिया रद्द करावी अशा याचिकेवर ६० लाखांहून अधिक सह्या झाल्या. बाहेर पडणारेही रस्त्यावर होते. मुदत टळत चालली म्हणून १६ मार्चला त्यांनी संडरलंडहून पदयात्रा काढली आणि २९ मार्चला, मुळात ठरलेल्या निर्गमनाच्या दिवशी, संसदेसमोर सभा भरवली. बहुमत पाठीशी असलेल्यांनाही संसद ऐकत नाही असे वाटले तेव्हा त्यांनी मोर्चाचाच आधार घेतला. हा हक्क हरलेल्यांची मक्तेदारी नाही, हे त्यातून दिसते.

मोर्चाने निर्णय बदलतो असे नाही. १५ फेब्रुवारी २००३ ला इराक युद्धाविरुद्ध लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि सुमारे महिनाभराने युद्ध सुरू झाले. मोर्चाचे काम वेगळे आहे. मतपेटीत प्रत्येक मताचे वजन सारखे असते. एखाद्या गोष्टीची कोणाला किती तळमळ आहे, ती का आहे, कोणत्या तडजोडीवर तो थांबेल, हे मतपेटी सांगू शकत नाही. राज्यकर्त्यांना ते कळण्याचा मार्ग म्हणजे सभा, मोर्चा, याचिका, लेख. हा मार्ग बंद केला तर बहुमताच्या सरकारलाही आपण कोणावर काय लादतो आहोत ते दिसणार नाही.

न्यायालयाची वाटही याच विरोधाचा भाग होती. संसदेला न विचारता, राजसत्तेच्या विशेषाधिकारात, बाहेर पडण्याची नोटीस देता येते असे सरकारचे म्हणणे होते. जीना मिलर आणि इतरांनी त्याला आव्हान दिले. युरोपीय समुदायात जाण्यासाठी संसदेने केलेल्या १९७२ च्या कायद्याने दिलेले हक्क मंत्री आपल्या अधिकारात काढून घेऊ शकत नाहीत, असा निकाल उच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१६ ला दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०१७ ला तो आठ विरुद्ध तीन मतांनी कायम केला. उच्च न्यायालयाच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी ‘डेली मेल’ने तीन न्यायाधीशांची छायाचित्रे छापून त्यांना जनतेचे शत्रू ठरवले. त्या निकालाने ब्रेक्झिट थांबले का? सरकारने विधेयक आणले, खासदारांनी ते ४९८ विरुद्ध ११४ मतांनी पुढे नेले आणि २९ मार्च २०१७ ला नोटीस गेली. खटल्यामुळे निर्णयाला कायद्याचा पाया मिळाला. मंत्र्यांच्या अधिकारात दिलेली नोटीस पुढे कधीही वादात सापडली असती. विरोध करणाऱ्याने निर्णय अधिक भक्कम केला, आणि त्याबद्दल मिलर यांच्या वाट्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. अशा एका धमकीसाठी एका उमरावाला २०१७ मध्ये बारा आठवड्यांची कैद झाली.

सर्वांत भीषण घटना तर मतदानाच्या आठवडाभर आधीच घडून गेली होती. १६ जून २०१६ ला मजूर पक्षाच्या खासदार जो कॉक्स यांची त्यांच्याच मतदारसंघात, बर्स्टल इथे, एका उजव्या अतिरेक्याने हत्या केली. जानेवारी २०१९ मध्ये संसदेबाहेर खासदार ॲना सूब्री यांना घेरून शिवीगाळ झाली. हा विरोध नव्हे. विरोध समोरच्याचे मन वळवू पाहतो. धमकी त्याचे तोंड बंद करू पाहते. ही रेषा कोण कोणत्या बाजूचा आहे त्यावर ठरत नाही. ज्यांनी न्यायाधीशांना शत्रू आणि विरोधी खासदारांना घातपाती म्हटले त्यांनी स्वतः कोणावर हात उचलला नसेल, पण मतभेदाला द्रोहाचे नाव दिल्यावर त्या नावाचा वापर कोण कसा करील हे त्यांच्या हाती उरले नव्हते.

विरोधाच्या मर्यादेवर मराठी वाचकाच्या परिचयाचा एक कठोर विचार आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की सनदशीर मार्ग उपलब्ध झाल्यावर सविनय कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग सोडून द्यायला हवेत. निर्णयाला विरोधच नको असा या विचाराचा अर्थ लावणे चूक आहे. आंबेडकरांचा भर सनदशीर मार्ग उघडे असण्यावर आहे. ते उघडे नसतील तेव्हा इतर मार्गांना काही समर्थन असू शकते हेही त्यांनी तिथेच मान्य केले होते. या कसोटीवर मोर्चे, याचिका, खटले, संसदेतल्या दुरुस्त्या हे सगळे सनदशीरच ठरते. उलट ऑगस्ट २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने निर्गमनाची मुदत तोंडावर असताना संसद पाच आठवडे संस्थगित करण्याचा सल्ला राणीला दिला, तेव्हा सनदशीर मार्ग बंद करण्याचे काम सरकारच करत होते. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरवले. लोकांच्या कौलाच्या नावाने लोकप्रतिनिधींचे सभागृह बंद करण्याचे समर्थन कोणत्याही लोकशाही विचारात सापडत नाही.

तरीही दुसऱ्या सार्वमताच्या मागणीला तपासल्याशिवाय सोडता येत नाही. ‘पुन्हा विचारा’ या एकाच घोषणेखाली दोन वेगळ्या मागण्या होत्या. करार पुरता तयार झाल्यावर तो मान्य आहे का हे लोकांना विचारावे, ही एक. पहिले उत्तर आवडले नाही म्हणून तोच प्रश्न परत टाकावा, ही दुसरी. पहिलीत नवे काही विचारले जाते. २०११ मध्ये बाहेर पडण्याचे कट्टर समर्थक जेकब रीस-मॉग यांनी स्वतःच संसदेत दोन टप्प्यांच्या सार्वमताची शक्यता मांडली होती. डेन्मार्कने १९९२ मध्ये महासंघाचा मास्ट्रिक्ट करार ५०.७ टक्क्यांनी नाकारला, मग चार विषयांत सवलती मिळवून १९९३ मध्ये ५६.७ टक्क्यांनी स्वीकारला. तिथे दुसऱ्या वेळी समोर असलेला प्रस्ताव बदललेला होता. आयर्लंडने नीस आणि लिस्बन हे करार आधी नाकारून नंतर स्वीकारले, तेव्हाही काही हमी मिळवण्यात आल्या. पण होकार येईपर्यंत विचारत राहायचे अशी महासंघाची सवय आहे हा संशय त्यातूनच बळावला, आणि ब्रिटनमधल्या बाहेर पडणाऱ्यांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. तो संशय निराधार म्हणता येणार नाही. दुसरे सार्वमत मागणाऱ्यांतल्या अनेकांना कराराच्या छाननीपेक्षा पहिला निकाल पुसण्यातच रस होता. ते तसे उघड बोलत नव्हते आणि समोरच्यांना ते ऐकू येत होते.

गोव्याचा १९६७ चा जनमत कौल इथे तुलनेला घेता येतो. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की केंद्रशासित ठेवावा यावर १६ जानेवारीला मतदान झाले. ते निःपक्षपाती व्हावे म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. १,७२,१९१ मते केंद्रशासित राहण्याच्या बाजूने पडली, १,३८,१७० विलीनीकरणाच्या. फरक ३४,०२१ मतांचा. भाषा, धर्म, जात, जमीन या सगळ्यांची धार त्या वादाला होती आणि कटुता कमी नव्हती. तरी निकाल टिकला. त्याची दोन कारणे दिसतात. दोन्ही पर्याय पुरते स्पष्ट होते; जिंकलेल्या पर्यायाचा अर्थ लावत बसावे लागले नाही. दुसरे म्हणजे हरलेल्यांना लगेच पुढची संधी मिळाली. त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकून बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. एका प्रश्नावर हरलेल्यांना राज्य चालवण्याचा कौल मिळाला. विलीनीकरण मागे पडले, मराठीचा आग्रह मागे पडला नाही. तो राजभाषेच्या वादात पुढची वीस वर्षे आणि त्यानंतरही मांडला गेला.

ब्रिटनमध्ये असे झाले नाही, आणि त्याचा दोष एकट्या सरकारला देता येत नाही. मे यांचा करार १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला, मग आणखी दोनदा. कोणत्या पर्यायाला बहुमत आहे हे चाचपण्यासाठी खासदारांनी २७ मार्च आणि १ एप्रिलला मतदान घेतले. सीमाशुल्क संघात राहण्याचा प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६ असा पडला, केवळ तीन मतांनी. करारावर सार्वमत घेण्याचा प्रस्ताव २८० विरुद्ध २९२ असा पडला. निकालाचा मान राखून ४८ टक्क्यांचेही काही ऐकणारी वाट तीन मतांवर आली असताना राहण्याच्या बाजूच्या काही खासदारांनी तिला पाठिंबा दिला नाही, कारण त्यांना महासंघातच राहायचे होते. कट्टर बाहेर पडणाऱ्यांनीही तेच केले, कारण त्यांना पूर्ण फारकत हवी होती. विरोधाचा हक्क निर्विवाद असला तरी तो कुठे वापरावा याचा विवेक वेगळा असतो, आणि त्या वसंतात तो दोन्हीकडे कमी पडला.

१२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीने प्रश्न निकाली काढला. हुजूर पक्षाला ४३.६ टक्के मतांवर ६५० पैकी ३६५ जागा मिळाल्या. दुसऱ्या सार्वमताला किंवा राहण्याला अनुकूल असलेल्या पक्षांच्या मतांची बेरीज निम्म्याहून किंचित अधिक होती, पण जागा मतांच्या बेरजेवर मिळत नाहीत, आणि हे सर्वांना आधी ठाऊक होते. आपले बहुमत आले तर सार्वमत न घेताच निर्गमन रद्द करू असे म्हणणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला अकरा जागा मिळाल्या आणि त्याच्या नेत्या जो स्विन्सन स्वतःही हरल्या. लोकांनी घेतलेला निर्णय लोकांना न विचारता पुसण्याची ती भूमिका विरोधाच्या हक्कात बसवता आली असती, पण तिने बाहेर पडणाऱ्यांची जुनी तक्रार खरी असल्याचा पुरावाच त्यांच्या हाती दिला.

महासंघाबाहेर पडल्यावर विरोध संपला नाही. त्याचा विषय बदलला. परत सामील होण्याची मागणी करणारे मोर्चे २०२२ आणि २०२३ मध्ये लंडनमध्ये निघाले. बाहेर पडणे चुकले असे मानणाऱ्यांची संख्या जनमत चाचण्यांत सातत्याने जास्त दिसू लागली. तरी २०२४ मध्ये मजूर पक्षाने एकल बाजारपेठेत किंवा सीमाशुल्क संघात परतणार नाही असे सांगूनच सत्ता मिळवली. दरम्यान विरोधाची जागा आक्रसत गेली. २०२२ च्या पोलीसविषयक कायद्याने आवाजाच्या कारणावरून निदर्शनांवर अटी घालण्याची मुभा दिली, २०२३ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याने नवे गुन्हे निर्माण केले. या कायद्यांचा रोख मुख्यतः हवामानबदलावर रस्ते अडवणाऱ्या आंदोलकांवर होता. पण २८ जून २०२२ ला नवी कलमे लागू झाली त्याच दिवशी संसदेबाहेर वर्षानुवर्षे ब्रेक्झिटविरुद्ध ओरडणाऱ्या स्टीव्ह ब्रे यांचे ध्वनिवर्धक पोलिसांनी जप्त केले. सभा-संघटनेचे स्वातंत्र्य देणारा युरोपीय मानवी हक्क करार महासंघाचा नसून युरोप परिषदेचा आहे, त्यामुळे ब्रेक्झिटनंतरही तो ब्रिटनला लागू आहे. आता त्यातूनही बाहेर पडावे अशी मागणी तिथे जोर धरू लागली आहे.

ब्रेक्झिटच्या सगळ्या व्यवस्थेत एकाच ठिकाणी पुढच्या मतदानाची तारीख लिहून ठेवलेली आहे, आणि ते ठिकाण उत्तर आयर्लंड आहे. तिथे ५५.८ टक्के मते राहण्याच्या बाजूने होती. १९९८ च्या शांतता करारानेच तिथल्यांना मुदतीची सवय लावली होती. आयर्लंडशी एकीकरणावर एकदा मतदान झाले तर पुढचे सात वर्षांच्या आत घेता येत नाही. महासंघाचे व्यापारनियम तिथे चालू ठेवण्याच्या तरतुदींनाही तशीच मुदत आहे, आणि त्या चालू ठेवाव्यात की नाही हे तिथल्या विधिमंडळाला ठराविक काळाने विचारावे लागते. १० डिसेंबर २०२४ ला पहिले मतदान झाले. ४८ विरुद्ध ३६ मतांनी तरतुदी कायम राहिल्या. ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणाऱ्या युनियनवादी सदस्यांनी विरोधात मत दिले. युनियनवादी आणि आयर्लंडशी एकीकरण हवे असणारे राष्ट्रवादी अशा दोन्ही समाजांचा पाठिंबा मिळाला असता तर पुढचे मतदान आठ वर्षांनी आले असते. तो मिळाला नाही म्हणून ते चार वर्षांनीच घ्यावे लागेल. हरलेल्यांच्या असहमतीची दखल तिथे मुदत निम्म्यावर आणून घेतली जाते.